भयाचें ओझें एकट्यानें वाहूं नये

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाप्रीत्यर्थ भरलेल्या आजाऱ्यांच्या मेळाव्यांत पवित्र मिस्सेनंतर वाचलेलें भाषण)



आपल्या ख्रिस्तमंदिराच्या सुवर्णमहोत्सवाच्या या आठवड्यांत या जागेवरून पुष्कळ गोड शब्द बोलले गेले. ज्यांनीं डोक्यावरून चिरे वाहून या मंदिराच्या भिंती उभारल्या त्यांचें स्मरण झालें, आजवरच्या धर्मगुरूंच्या सेवेचा गौरव झाला, आणि तो यथायोग्यच झाला. आमच्या वांट्याला आलेला विषय मात्र आजाराचा आहे. आम्ही वक्ते नव्हों; वैद्य तर नव्होंच. येथें उभें राहण्याचा आमचा अधिकार एवढाच कीं, या धर्मग्रामांतील आम्ही तिघें जण, एक गृहस्थ व दोघी स्त्रिया, मेंदूंतील धमनीच्या फुगवट्याच्या विकारांतून गेलेलीं आहों. या विकारास डॉक्टर लोक 'एन्युरिझम' म्हणतात. हें भाषण आम्हीं तिघांनीं एकत्र बसून लिहिलें आहे. वाचण्याचें काम तेवढें एकाकडे आलें आहे.

येत्या महिन्यांत आपल्यांतील एका भगिनीस याच विकारावरील उपचारासाठीं मुंबईस जावयाचें आहे. त्या आज आपल्यामध्यें बसल्या आहेत, आणि त्यांच्या अनुमतीनेंच आम्ही बोलत आहों. निदान झाल्यावर तीन आठवडेपर्यंत त्यांनीं ही गोष्ट घरांतल्या माणसांखेरीज कोणास सांगितली नव्हती. वाडींत मात्र कुजबूज सुरू झाली होती. कोणी म्हणे, डोक्यांत गांठ आहे. कोणी म्हणे, आतां कांहीं खरें नाहीं. आणि एका शहाण्यानें तर, 'तुझ्या आईच्या डोक्यांत बॉम्ब आहे,' असें त्यांच्या मुलासच सांगितलें. असली कुजबूज आम्हां तिघांच्याही कानांवर आपापल्या वेळीं आलेली आहे, म्हणून तिचा डंख आम्हांस ठाऊक आहे. आमचें सांगणें थोडक्यांत असें: या आजाराचें भय खोटें नव्हे, परंतु तें एकट्यानें वाहिलें म्हणजे दुप्पट होतें, आणि डॉक्टर, धर्मगुरु व शेजारी यांच्यामध्यें वांटून दिलें म्हणजे वाहण्याजोगें होतें.

प्रथम हा विकार आहे तरी काय, हें पाहूं. हृदयापासून निघालेल्या धमन्या मानेंतून वर चढून मेंदूच्या तळाशीं येतात आणि तेथें एकमेकींस मिळून एक कडें तयार करतात. इंग्लंडांतील थॉमस विलिस या वैद्यानें १६६४ सालीं आपल्या ग्रंथांत या कड्याचें वर्णन केलें, म्हणून आजही त्यास विलिसचें कडें म्हणतात. जेथें धमनीस फांटा फुटतो तेथें रक्ताचा मारा अधिक आणि भिंत दुबळी असेल, तर ती भिंत हळूहळू बाहेर फुगते. जुन्या सायकलच्या ट्यूबवर एखाद्या जागीं फुगा यावा, तसें हें असतें. ती गांठ नव्हे, कर्करोग नव्हे, एकापासून दुसऱ्यास लागणारा रोग नव्हे, आणि कोणाच्या पापाचें फळ तर नव्हेच नव्हे. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं असाच प्रश्न विचारला असतां प्रभूनें तो कसा झिडकारला, हें शुभवर्तमान ऐकणाऱ्या आपणांस ठाऊक आहे.

शंभर प्रौढ माणसांमागें सुमारें तिघांच्या मस्तकांत असा फुगवटा असतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आज या मंदिरांत तीनशें प्रौढ माणसें बसलीं असतील, तर त्यांत सुमारें नऊ जणांस तो असण्याचा संभव आहे. बहुतेकांस तें आयुष्यभर कळतही नाहीं, कारण बहुतेक फुगवटे कधींच फुटत नाहींत. पुरुषांपेक्षां स्त्रियांमध्यें हा विकार अधिक आढळतो. विडी-सिगारेट ओढणें व रक्तदाब चढलेला राहूं देणें, या दोन गोष्टी त्यास पोषक आहेत. आणि एकाच घरांतील आईबाप-भावंडांपैकीं दोघांस हा विकार झाला असल्यास इतरांनींही तपासणीविषयीं डॉक्टरांस विचारावें. फुगवटा फुटला तर मात्र प्रसंग बिकट असतो. रक्त मेंदूभोंवतीं पसरतें, आणि कित्येक रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोंचत नाहींत. हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु म्हणूनच न फुटलेला फुगवटा सांपडणें यास आपत्ति न म्हणतां सवड म्हणावें. चोर येण्याच्या आधींच दाराची कडी सैल असल्याचें घरधन्यास कळावें, तशी ही गोष्ट आहे.

ही सवड आपल्या आजोबा-पणजोबांस नव्हती. मस्तकांतील धमन्या जिवंत माणसांत दिसूं लागल्या त्याच मुळीं १९२७ सालीं, जेव्हां पोर्तुगालांतील लिस्बन शहरीं एगास मोनिझ यांनीं रक्तांत औषध सोडून क्ष-किरणांनीं त्यांचें चित्र घेतलें. पुढें दहा वर्षांनीं, १९३७ च्या मार्च महिन्यांत, अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें वॉल्टर डँडी यांनीं कवटी उघडून एका रुग्णाच्या फुगवट्याच्या मानेवर चांदीचा लहानसा चिमटा बसविला, आणि तो रुग्ण बरा होऊन घरीं गेला. आपल्या देशांत वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत डॉ. जेकब चँडी यांनीं १९४९ सालीं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. नंतर सूक्ष्मदर्शक यंत्र शस्त्रक्रियेच्या मेजावर आलें आणि शस्त्रवैद्याच्या दृष्टीस व हातास निराळेंच बळ आलें. पुढें १९९० च्या मार्च महिन्यांत लॉस एंजेलिस येथें इटलीचे डॉ. गुइदो गुग्लिएल्मी यांनीं कवटी न उघडतां, धमनीच्या आंतूनच प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें फुगवट्यांत भरण्याची रीत रुग्णावर प्रथम वापरली. या सर्वांच्या श्रमांचें फळ आज मुंबईच्या रुग्णालयांत आपल्या वाडींतल्या बाईस मिळत आहे. ईश्वराची कृपा पुष्कळदां अशीच अनेक हातांतून, अनेक वर्षांचा प्रवास करून येते.

आज या विकारावर तीन वाटा आहेत. पहिली वाट उघड्या शस्त्रक्रियेची. हींत कवटीचें लहानसें झांकण काढून फुगवट्याच्या मानेवर क्लिप बसवितात व झांकण पुन्हां जोडतात. हल्लीं ही क्लिप बहुधा टायटेनियमची असते आणि जन्मभर तेथेंच राहते. दुसरी वाट धमनीच्या आंतून जाणारी. जांघेंतून किंवा मनगटांतून बारीक नळी घालून ती मेंदूपर्यंत नेतात आणि फुगवटा कॉइलनें भरतात, किंवा धमनींत जाळीदार स्टेंट बसवून रक्ताचा ओघ फुगवट्यापासून वळवितात. तिसरी वाट म्हणजे फुगवटा लहान व निरुपद्रवी वाटला तर त्यास हात न लावतां ठराविक काळानें चित्र घेऊन त्यावर नजर ठेवणें. यांपैकीं कोणती वाट कोणाची, हें फुगवट्याचा आकार, जागा, रुग्णाचें वय व प्रकृति पाहून डॉक्टर ठरवितात. ज्यांचे फुगवटे फुटले होते व ज्यांवर दोन्ही उपचार शक्य होते, अशा २,१४३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वर्षाअखेर मृत्यु पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण कॉइलनंतर शेंकडा सुमारें २४ व क्लिपनंतर शेंकडा सुमारें ३१ दिसलें. हे आंकडे फुटलेल्या फुगवट्यांचे आहेत. न फुटलेल्यास ते लावून आपल्या भगिनीनें उगाच घाबरूं नये. तसेंच कांहीं फुगवट्यांची जागा व घडण अशी असते कीं त्यांस क्लिपच बरी. शेजाऱ्यास काय केलें, त्यावरून आपला उपचार ठरवूं नये.

आतां आमच्या तिघांच्या हकिकती सांगतों.

आमच्यापैकीं गृहस्थांचा फुगवटा फुटला होता. एका रविवारीं पहांटे वाडींत केळींस पाणी लावीत असतां त्यांच्या डोक्यांत एकाएकीं अशी कळ उठली कीं, कोणीं मागून कुऱ्हाड मारली असें वाटून त्यांनीं वळून पाहिलें. मग वांत्या झाल्या, मान ताठ झाली, उजेड सोसवेना. जवळच्या एका दवाखान्यांत पित्ताची गोळी देऊन घरीं पाठविण्यांत आलें. शेजारच्या एका तरुणानें मात्र हट्ट धरून त्यांस गाडींत घातलें व मोठ्या रुग्णालयांत नेलें, तेथें सी. टी. स्कॅन होतांच निदान झालें. दुसऱ्या दिवशीं जांघेंतून नळी घालून कॉइल बसविण्यांत आली. धोका तेवढ्यानें संपला नव्हता. रक्तस्रावानंतरच्या दिवसांत मेंदूच्या धमन्या आंखडण्याची भीति असते. त्यासाठीं निमोडिपीन नांवाचें औषध दर चार तासांनीं, रात्रीं झोपेंतून उठवूनही, एकवीस दिवस द्यावें लागलें. घरीं आल्यावर सर्वांस वाटलें, आतां ते पूर्वींसारखे झाले. तसें नव्हतें. भांड्याचा आवाज त्यांस सोसत नसे; दोन पानें वाचलीं तर झोंप येई; ओळखीच्या माणसांचीं नांवें आठवत नसत; आणि लहानसहान गोष्टींनीं डोळे भरून येत. आठ महिन्यांनीं त्यांनीं याच वेदीजवळ उभें राहून पुन्हां प्रथम धर्मग्रंथांतील वाचन केलें. आजही ते खिशांत एक वही ठेवतात आणि सांगितलेलें काम तींत लिहून घेतात. विडी त्यांनीं त्या रविवारपासून ओढलेली नाहीं. तेव्हां आपण त्यांस पूर्ण बरे म्हणावें कीं नाहीं? ते स्वतः म्हणतात, "मी पूर्वींचा नाहीं, पण मी आहें."

दुसऱ्या हकिकतींतील बाई दादरच्या फुलबाजारांत फुलें घेऊन जात असत. चक्कर येते म्हणून एम. आर. आय. काढला, चक्करेचें कारण कानांत निघालें, पण फुगवटा अवचित दिसला. डॉक्टरांनीं क्लिपचा सल्ला दिला. त्यांस मरणाचें भय होतेंच, पण त्याहून मोठें भय त्यांनीं शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं शेजारच्या खाटेवरील अनोळखी बाईस सांगितलें तें असें: "उठल्यावर मला माझीं मुलें ओळखूं येतील ना?" सकाळीं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीं त्यांचा हात धरून नांव विचारलें, तेवढेंच त्यांस आठवतें. पुढचें स्मरण अतिदक्षता विभागांतलें. परिचारिका विचारीत होती: नांव काय, आज वार कोणता, दोन्ही हात उचला, माझीं बोटें दाबा. त्यांनीं आपल्या तिन्ही मुलांचीं नांवें न विचारतांच सांगितलीं. केंस सगळे काढले नव्हते. कापाच्या रेषेपुरतीच एक पट्टी काढली होती. तिसऱ्या दिवशीं एक डोळा सुजून मिटला व दोन दिवसांनीं आपोआप उघडला. जबड्याचा स्नायु कापावा लागत असल्यामुळें भाकरी चावतांना कित्येक आठवडे दुखत होतें, टाक्यांमागची कातडी बधिर होती, आणि डोक्यांत मधूनच टक् असा आवाज होई. हें सर्व अपेक्षितच असतें, असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर त्यांची भीति गेली. सहाव्या दिवशीं त्या घरीं आल्या. सहा आठवडे पाण्याची कळशी उचलली नाहीं. चौथ्या महिन्यांत पुन्हां फुलांची टोपली घेऊन पहांटेच्या लोकलमध्यें चढल्या.

मधल्या एका गोष्टीचा उल्लेख त्यांनीं आग्रहानें करावयास सांगितला आहे. दुसऱ्या महिन्यांत, जखम भरली, चित्र चांगलें आलें, सर्वांनीं देवाचे आभार मानले, आणि नेमक्या तेव्हांच त्यांस रात्रंदिवस रडूं येऊं लागलें. 'देवानें एवढें दिलें आणि ही कृतघ्न रडते,' असें त्या स्वतःसच बोलत. तो कृतघ्नपणा नव्हता. ज्या भयास शस्त्रक्रियेपूर्वीं रडावयास वेळ मिळाला नव्हता तें आतां रडत होतें. डॉक्टरांस सांगितल्यावर त्यावरही उपाय झाला. आपल्या भगिनीस हे दिवस आले तर त्यांनीं लाजूं नये, आणि घरच्यांनीं 'आतां काय झालें रडायला' असें म्हणूं नये.

तिसरी हकिकत सर्वांत वडील असलेल्या आमच्या भगिनीची. त्यांचें वय सत्तरीपुढें असून फुगवटा तीन मिलिमीटरचा आहे. डॉक्टरांनीं सांगितलें, यास हात लावण्यांत जितका धोका आहे तितका न लावण्यांत नाहीं. रक्तदाब सांभाळा आणि दर वर्षीं चित्र काढा. हें ऐकून त्या घरीं आल्या व आपणांस वाऱ्यावर सोडलें असें समजून महिनाभर नीट जेवल्या नाहींत. शिंक दाबीत, वांकत नसत, खालच्या मानेनें चालत. शेवटीं मुलीनें त्यांस पुन्हां डॉक्टरांकडे नेलें, आणि शिंकावें कीं नाहीं असा सरळ प्रश्न विचारला. डॉक्टर हंसून म्हणाले, "शिंका, वांका, नातवंडांस उचला; फक्त गोळी चुकवूं नका." त्या दिवसापासून त्या पुन्हां जेवूं लागल्या. खारी सुकी मासळी, पापड व लोणचें त्यांनीं कमी केलें आहे. तीन वर्षांत फुगवटा वाढलेला नाहीं. कांहीं न करणें हाही विचारपूर्वक दिलेला उपचार असूं शकतो, एवढें त्यांच्या हकिकतीवरून लक्षांत घ्यावें.

जगांतील प्रसिद्ध माणसांसही हा विकार झालेला आहे. अमेरिकेचे कॅथलिक सिनेटर जो बायडेन यांच्या मस्तकांतील फुगवट्यावर १९८८ च्या फेब्रुवारींत, त्यांच्या ४५ व्या वर्षीं, शस्त्रक्रिया झाली. प्रसंग असा होता कीं, अंतकाळचा संस्कार देण्यासाठीं धर्मगुरु रुग्णालयांत आले होते. नंतर फुप्फुसांत रक्ताची गुठळी गेली. मे महिन्यांत दुसऱ्या फुगवट्यावर पुन्हां शस्त्रक्रिया झाली. सात महिने ते आपल्या कामापासून दूर होते. पुढें २०२१ पासून २०२५ पर्यंत ते त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. इंग्लंडच्या नटी एमिलिया क्लार्क यांस २०११ सालीं चोविसाव्या वर्षीं रक्तस्राव झाला. उपचारानंतर कांहीं दिवस त्यांस स्वतःचें नांवही उच्चारतां येत नव्हतें. २०१३ सालीं दुसऱ्या फुगवट्यावरील आंतून केलेला उपचार फसला आणि कवटी उघडावी लागली. त्या बऱ्या झाल्या, अभिनयही करूं लागल्या, आणि २०१९ सालीं आपली हकिकत उघडपणें सांगून अशा रुग्णांच्या साहाय्यार्थ त्यांनीं संस्था काढली. कॅनडाचे गायक नील यंग यांच्या फुगवट्यावर २००५ सालीं न्यूयॉर्क येथें आंतून उपचार झाले, ते यशस्वीही झाले. पण थोड्याच दिवसांनीं बाहेर फिरावयास गेले असतां मांडींतील नळीच्या जागेंतून रक्त वाहूं लागून ते रस्त्यांतच मूर्च्छित पडले. यावरून आपण एवढेंच शिकावें कीं, डोक्याची जखम दिसत नाहीं म्हणून घाई करूं नये. जितके दिवस जपावयास सांगितलें आहे तितके दिवस जपावें.

आतां धर्माची एक गोष्ट. आमच्यापैकीं गृहस्थ रुग्णालयांत असतां त्यांच्या पत्नीनें धर्मगुरूंस बोलवावें कीं नाहीं याचा दोन दिवस विचार केला. 'पाद्री दारांत दिसले म्हणजे ते समजतील कीं आपला काळ आला,' ही त्यांची भीति. आपल्या पुष्कळ घरांत ही भीति अद्याप आहे, कारण आपल्या वडीलधाऱ्यांनीं या संस्कारास अंत्याभ्यंग म्हटलेलें आपण ऐकलें आहे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालींच सांगितलें कीं, यास आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणें अधिक योग्य आहे आणि तो केवळ मरणोन्मुख माणसासाठीं नाहीं. पोप सहावे पॉल यांनीं १९७२ सालीं त्याचा नवा विधि ठरवून दिला. गंभीर आजारामुळें शस्त्रक्रिया होणार असेल, तर ती होण्यापूर्वीं हा संस्कार घेतां येतो, किंबहुना तेव्हांच शांत मनानें घ्यावा. संत याकोबांनीं आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आजाऱ्याकडे मंडळीच्या वडिलांस बोलावण्याचा उपदेश केला आहे. तेथें भर आहे तो प्रार्थनेवर, तैलावर व उठून उभें राहण्यावर. शेवटीं त्या पत्नीनें धर्मगुरूंस बोलावलें. धर्मगुरूंनीं पतीच्या कपाळावर व हातांवर पवित्र तैल लावलें. पति म्हणाले, "मी दोन दिवस वाट पाहत होतों, तुला भीति वाटेल म्हणून बोललों नाहीं." दोघेंही एकमेकांस जपत होतीं आणि दोघेंही एकटीं होतीं. आम्ही वाहण्याचें ओझें म्हणतों तें हेंच.

येथें कोणी असें समजूं नये कीं, अभ्यंग घेतला म्हणजे शस्त्रक्रिया सुखरूप होण्याची हमी मिळाली. नवस, रोझरी, लूर्दचें पाणी, आरोग्यमातेपुढील मेणबत्ती, ही सर्व आमच्या घरांत झालीं. परंतु ज्यांच्या घरीं हीं सर्व होऊनही रुग्ण परतला नाहीं, अशीं माणसें आम्हांस रुग्णालयाच्या ओसरीवर भेटलीं आहेत, आणि त्यांची श्रद्धा आमच्याहून उणी नव्हती. देवाशीं सौदा होत नाहीं. प्रार्थनेनें आम्हांस मिळालें तें हें कीं, भूल देतेवेळीं ज्याच्या हातीं आपण जात आहों तो अनोळखी नाहीं. एवढें पुष्कळ झालें.

भगिनी, आतां आपणांस कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगतों. डॉक्टरांकडे जातांना प्रश्न कागदावर लिहून न्या आणि घरचें एक माणूस बरोबर ठेवा, कारण भ्यालेल्या माणसास अर्धेंच ऐकूं येतें. माझा फुगवटा किती मोठा व कोठें आहे. आपण हा उपचार कां निवडला. आपल्याकडे असे उपचार किती होतात. न केल्यास धोका किती, केल्यास किती. घरीं केव्हां जाईन. असें सर्व निःसंकोच विचारा. विचारल्यानें चांगला डॉक्टर रागावत नाहीं. दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेणें हाही अपमान नव्हे. चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे व चूर्णेंसुद्धां सांगा. स्टेंट बसविला तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतील. त्या डॉक्टरांच्या आज्ञेवांचून एक दिवसही बंद करूं नका, मग दांत काढावयाचा असो वा उपास असो. क्लिप अथवा कॉइल बसविल्याचें कार्ड जपून ठेवा व पुढें कोणतेंही एम. आर. आय. करण्यापूर्वीं दाखवा. पुन्हां तपासणीस बोलावतील तेव्हां, 'आतां बरें आहे,' म्हणून चुकवूं नका. आंतून केलेल्या उपचारानंतर माणूस बहुधा लवकर हिंडूं-फिरूं लागतें, उघड्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे लागतात. दोहोंनंतरही थकवा अपेक्षेपेक्षां अधिक दिवस राहतो. दुपारची झोंप म्हणजे आळस नव्हे, ती औषधच समजा.

आणि धर्मबंधुभगिनींनो, आपणांसही सांगणें आहे. कोणासही, लहान असो वा थोर, एकाएकीं आयुष्यांत कधीं झाली नव्हती अशी डोकेदुखी उठली, बरोबर वांती, मूर्च्छा किंवा मानेचा ताठरपणा असला, तर घरगुती उपायांत व गोळींत वेळ घालवूं नका; १०८ क्रमांकावर गाडी मागवा आणि मोठें रुग्णालय गांठा. आमच्यापैकीं एक जण आज येथें आहेत ते एका तरुणाच्या हट्टामुळें. आजाऱ्याच्या घरीं जाल तेव्हां दहा मिनिटें बसा, हळू बोला, आणि अशाच आजारानें कोण दगावलें याची यादी सांगूं नका. 'कांहीं लागलें तर सांगा' असें म्हणण्यापेक्षां भाताचें एक पातेलें न्या, मुलांस शाळेंतून आणा, वाडीस पाणी लावा, लोकलमध्यें सोबत जा. ज्यांनीं पन्नास वर्षांपूर्वीं हें मंदिर बांधलें त्यांनीं चिरा हातोहात पुढें दिला होता. एकट्यानें कोणी भिंत उभारली नव्हती.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं लूर्दमातेचा ११ फेब्रुवारी हा सण जागतिक आजारी दिन म्हणून ठरवून दिला. आजाऱ्यांस देवळाच्या कोपऱ्यांतून मध्यभागीं आणावें हाच त्यांतील भाव. आपल्या सुवर्णमहोत्सवानें आजचा दिवस आजाऱ्यांस दिला, यासाठीं आम्ही धर्मगुरुमहाराजांचे ऋणी आहों.

भगिनी, आम्ही आपणांस असें वचन देऊं शकत नाहीं कीं सर्व ठीकच होईल. तें देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. जें वचन देतां येतें तें देतों. आपण मुंबईस निघाल त्या पहांटे आमच्या तिघांपैकीं एक जण आपल्या दारीं असेल. आपणांस शस्त्रक्रियेच्या खोलींत नेतील तेव्हां या मंदिरांत रोझरी चाललेली असेल. आपण परत याल आणि थकून जाल, रडाल, नांवें विसराल, तेव्हां ज्यांनीं तें सर्व भोगलें आहे अशीं तीन माणसें हांकेच्या अंतरावर असतील. आणि एखाद्या रात्रीं झोंप येईनाशी झाली तर दिवा लावून एकट्या बसूं नका, हांक मारा. आमच्या घरांतही त्या रात्रीं होऊन गेल्या आहेत.

आरोग्यमाता मारिया आपणांस व सर्व आजाऱ्यांस आपल्या पदराखालीं घेवो, आणि जो हातीं शस्त्र धरील त्या वैद्याचा हात प्रभु येशू स्थिर राखो. आमेन.